तिसऱ्या मजल्यावरचे बाण

दुपारी तीन वाजून गेले की पेंटर हातातला ब्रश डब्यात सोडायचा आणि जिन्याकडे कान लावून बसायचा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. लोकांना वाटायचं, वय झालं, आळस भरला. पेंटर त्यांना तसं वाटू द्यायचा, कारण खरं सांगितलं असतं तर पुढची पाटी रंगवायला कुणी दिली नसती.

जिना लाकडी होता, सतरा पायऱ्यांचा. वर आलं की दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढीच जागा. तिथून डावीकडे त्याच्या मोठ्या बहिणीची, ताईची खोली आणि उजवीकडे त्याचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे आपलं म्हणायचं. भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या, थिनरचा वास आणि कोपऱ्यात झोपायची खाट. तीनच्या पुढे कधीतरी खालून पावलं यायची. दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी, हलकी. वर आली की थांबायची. डावीकडे जायची नाहीत, उजवीकडेही नाहीत. परक्या गावात माणूस कुणाला तरी रस्ता विचारायला थांबतं, तशी थांबायची. आणि मग काहीच नाही. सुरुवातीला पेंटर उठून बघायचा. नंतर त्याने उठणं सोडलं.

पावलं कुणाची हे कोड्यात टाकणारं नव्हतं. दोन-दोन पायऱ्या चढणारं त्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे ताईची मुलगी. एका जागी पाच मिनिटं ठरत नसे म्हणून पेंटरनेच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत ते तिला पुरलं. जिवंतपणी ती कामावरून सहाला यायची. वर आल्यावर क्षणभर थांबायचीही, पण ते आधी आईकडे जायचं की मामाकडे हे ठरवायला. आता ती तीनला यायची. कारखान्याला आग लागली ती तीन वाजून दहा मिनिटांनी.

ताईचा नवरा गेला तेव्हा पोर चार वर्षांची होती. ताई तिला घेऊन भावाकडे आली ती तिथलीच झाली. पेंटरचं लग्न झालेलं नव्हतं. ‘माझं सगळं लक्ष अक्षरांकडे, बायकोकडे कोण बघणार?’ असं तो सांगे. खरं म्हणजे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. भिंगरी त्याच्या शिडीखाली वाढली. रंगाचे डबे उघडून द्यायची, कुठल्या दुकानाच्या पाटीत कोणतं अक्षर जाड झालं हे मोठ्यांदा सांगायची.

“मामा, तुझ्या पाट्यांवर भरवसा ठेवून लोक कुठंकुठं जाऊन पडत असतील, देव जाणे,” ती म्हणायची.

“माझ्या हातचा बाण असला की डोळे मिटून जायचं,” पेंटर म्हणायचा. “चुकलीस तर मला धर.”

हे बोलणं त्यांच्यात शंभरदा झालं असेल.

आता बाणांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. कारखाना शाळेच्या दप्तरांचा होता. तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर शिलाई मशिनांच्या रांगा. एके दिवशी सुपरवायझरने पेंटरला बोलावलं. उद्या पाहणीवाले येणार होते आणि भिंतींवर बाहेर पडायच्या वाटेचे बाण असायला हवेत असा नियम होता. नियम जुना होता, आठवण ताजी होती. पेंटरने पत्र्याच्या तुकड्यात बाण आणि त्याच्यावर पळणारं छोटं माणूस कापलं. त्याला पेंटर लोक स्टेन्सिल म्हणतात. तो भिंतीला धरायचा, वरून रंगाचा बोळा थापायचा, काढून घ्यायचा. खाली बाण तयार. खालच्या दोन मजल्यांवर जिना उजव्या टोकाला होता. तिसरा मजला मागाहून चढवलेला, त्याचा जिना डाव्या टोकाला, आणि उजव्या टोकाला नुसती भिंत, जिच्याशी फोमच्या गुंडाळ्या रचून ठेवलेल्या.

डावीकडचा बाण काढायचा तर तीच स्टेन्सिल उलटी, म्हणजे पालथी करून धरायची असते; नुसती गोल फिरवली तर वरचं माणूस डोक्यावर उभं राहतं. पण उलटी केली की रंगाने ओली झालेली बाजू भिंतीला लागते आणि भिंत बरबटते. म्हणून एका दिशेचे बाण झाले की पत्रा थिनरने पुसतात किंवा वाळू देतात. पेंटर तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा थिनर संपला होता, पत्रा ओला होता आणि सुपरवायझर किल्ल्या वाजवत उभा होता. पेंटरने तिसऱ्या मजल्याचे तिन्ही बाण उजवीकडेच काढले.

“उद्या येऊन फिरवतो हे,” तो म्हणाला.

“असू दे हो. पाहणीवाले बाण मोजतात. बाण कुठं बघतोय हे कोण बघतंय?” सुपरवायझर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरची पाटी आली, तिसऱ्या दिवशी आणखी काही. बाण राहून गेले. भिंगरी तेव्हा पहिल्या मजल्यावर कामाला होती. सात महिन्यांनी एका संध्याकाळी ती येऊन म्हणाली, “मामा, मला बढती. एकदम वरच्या मजल्यावर. आता तुझे बाण बघत बसते दिवसभर.” येत्या रविवारी जाऊन फिरवून येऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. तिला सांगितलं नाही. तीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने बाण चुकवला हे भाचीला कोण सांगणार? मध्ये दोन रविवार गेले. मग तो मंगळवार आला.

तिसऱ्या मजल्यावरची एकोणीस माणसं उजव्या भिंतीशी सापडली. इमारत धोकादायक म्हणून महिन्याभरात पाडली, आणि बाणही गेले. चौकशीचा पहिला अहवाल वर्तमानपत्रात छापून आला, त्यात एक ओळ होती: ‘कामगार घाबरून विरुद्ध दिशेला धावले.’ ती ओळ गावभर झाली. न्हाव्याच्या दुकानात, बस थांब्यावर, ज्यांनी तो कारखाना बाहेरूनही पाहिला नव्हता ते सांगू लागले की येड्यासारखी भिंतीकडे पळाली हो माणसं. ताई हे ऐकून घरी यायची आणि पाण्याचा ग्लास हातात धरून बसायची.

“माझी पोरगी इतकी बावळट नव्हती रे,” ती म्हणायची. “होती का?”

“नव्हती,” पेंटर म्हणायचा आणि वर्कशॉपमध्ये जायचा. त्या एका ओळीत त्याची सुटका होती आणि त्याच ओळीवर त्याची बहीण रोज मरत होती. पेंटरला दोन्ही कळत होतं. माणूस किती दिवस असं राहू शकतो? पेंटर सव्वा वर्ष राहिला.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी चित्रांच्या बाई येऊ लागल्या, त्या त्याच सुमारास. तशा वयाने लहान होत्या, पण बाई म्हटल्याशिवाय जीभ वळायची नाही, अशा. आगीत ज्यांचं माणूस गेलं त्यांनी यायचं, सगळ्यांनी मिळून काहीतरी हाताने करायचं आणि त्यावर बोलायचं, असा तो प्रकार. चित्रं काढून दुःख हलकं होतं हे ऐकून पेंटरला हसू आलं. तीस वर्षं त्याचे हात रंगात होते, त्याचं काही हलकं झालं नव्हतं. पण ताईला जिना उतरताना आधार लागायचा. तिला पोचवायला म्हणून तो गेला आणि मागच्या बाकावर बसला.

बाईंचा एक नियम होता. प्रश्न चित्राला विचारायचा, माणसाला नाही. आणि ज्याने चित्र केलं त्याने चित्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. “माणसाला विचारलं की माणूस वकिलासारखं बोलतं,” बाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी सगळे अवघडले. शिंपीकाकांनी, ज्यांची बायको गेली होती, शिलाई मशिनचं चित्र काढलं. त्यांना कुणी विचारलं, “मशिन, तू कशी आहेस?” काका म्हणाले, “मी बरी आहे. मला तेल घालणारी नाही.” त्यानंतर नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

तिथे एक इस्त्रीवाली पण यायची. तिसऱ्या मजल्यावरून जिवंत आलेली ती एकटीच. आपण का वाचलो याची तिला इतकी लाज वाटायची की पहिले चार गुरुवार ती दाराशीच बसली. पाचव्या गुरुवारी बोलली.

“माझा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. धुरात मला हातभर अंतरावरचं दिसेना. पायांना सवय होती, पाय गेले डावीकडं. बाकीच्यांना मी हाका मारल्या. ती सगळी दुसरीकडं निघाली होती. का, ते मला आजतागायत कळलं नाही.”

पेंटरला कळलं होतं. त्याने बाकाची कड घट्ट धरली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. एवढ्या माणसांत घाम फक्त त्यालाच फुटला होता.

हळूहळू त्या हॉलमधलं बोलणं रडण्यापाशी थांबेना. चौकशीची शेवटची सुनावणी महिन्यावर आली होती, आणि तिथे कुणीही येऊन म्हणणं मांडू शकत होतं. “आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,” शिंपीकाका म्हणाले. “जळलं कारखान्याचं, आणि चौकशी आपल्या माणसांच्या डोक्याची.” मग ठरलं की तिसरा मजलाच तयार करायचा आणि सुनावणीत नेऊन पसरायचा. आपली माणसं कुठे होती, कुठून कुठे गेली, त्यांना काय दिसलं असेल, हे त्या साहेबांना उभं राहून बघू दे. काकांनी चादरी जोडून हॉलभर पांढरं कापड शिवलं. इस्त्रीवालीने आठवून आठवून मशिनांच्या रांगा सांगितल्या, भाऊ गमावलेल्या नर्सने त्या पेन्सिलने आखल्या. तारेला चिंध्या गुंडाळून वीतभर उंचीची माणसं केली. ताईने भिंगरीला पिवळ्या चिंध्यांची केली आणि तिचा एक पाय उचललेला ठेवला, पायरी चढताना असतो तसा. एकोणीस माणसं आपापल्या मशिनशी ठेवली. मग एकेक उचलून, जिथे सापडली तिथे, उजव्या भिंतीशी नेऊन ठेवली. कापडाची डावी बाजू पूर्ण रिकामी झाली आणि उजव्या कडेला चिंध्यांचा ढीग.

“भिंतीवर बाण होते ना?” नर्सने विचारलं.

“असतील,” इस्त्रीवाली म्हणाली. “मी ते कधी वाचले नाहीत. पेंटर, तुम्हीच काढले होते की. जसे होते तसे काढा इथे.”

वीसेक डोळे मागच्या बाकाकडे वळले. त्यांत संशय नव्हता, विश्वास होता, आणि तोच वाईट. पेंटर उठला. काळा रंग, एक इंची ब्रश. गुडघ्यावर बसला. ताई समोरच होती, हातात पिवळी बाहुली. तिच्याकडे बघून त्याने डावीकडे नुसता बाण काढला. मग दुसरा. मग तिसरा. हाताने, पट्टीशिवाय, सरळ आणि सुरेख. सगळ्याला मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या संध्याकाळी कारखान्यात थिनर नव्हता, पण ब्रश होता आणि हात होता. ही पाच मिनिटं तेव्हाही होती. हे त्याला तिथे, गुडघ्यावर बसल्या बसल्या समजलं.

सगळे बाण आणि तो ढीग आळीपाळीने बघत होते.

“म्हणजे बाण बरोबर होते,” शिंपीकाका शेवटी म्हणाले. “जिन्याकडं होते. आणि ही बाण सोडून भिंतीकडं पळाली.”

“म्हणजे त्यांनी लिहिलं ते खरंच की,” कुणीतरी म्हणालं.

ताईने पिवळी बाहुली उचलून पिशवीत घातली. घरी येताना वाटेत ती एकदाच बोलली. “जाऊ दे. घाबरली असेल. लहानच होती.” सव्वा वर्ष सगळ्या गावाशी भांडून तिने मुलीची अक्कल शाबूत ठेवली होती. ती तिने भावाच्या तीन बाणांपुढे सोडून दिली. पेंटरने कापडावर जे काढलं तसलं पाप त्याने भिंतीवरही केलं नव्हतं, असं मला वाटतं. तिथे आळस होता. इथे त्याने मेलेल्या पोरीला तिच्या आईसमोर वेडी ठरवली.

त्या आठवड्यात पावलं रोज आली. आणि आता थांबून परत फिरेनात. पेंटर खाटेवर बसलेला असायचा आणि दाराबाहेर कुणीतरी श्वास घेत उभं असायचं, पाच वाजेपर्यंत, कधी अंधार पडेपर्यंत. एकदा तो दाराशी जाऊन म्हणाला, “काय पाहिजे?” तिला काय पाहिजे होतं ते त्याला माहीतच होतं. ती रस्ता विचारत होती. ज्याला विचारत होती तोच रस्ता सांगायला तयार नव्हता.

बुधवारी ताईने सांगितलं की सुनावणीला कुणी जाणार नाही. काकांनी तसं कळवलं. “जाऊन काय सांगायचं? आमची माणसं मूर्ख होती म्हणून?” ती म्हणाली आणि भांडी घासू लागली. पेंटर वर्कशॉपमध्ये गेला. कपाटामागे हात घालून त्याने तो पत्रा काढला. एवढ्या मापाचा बाण त्याने फक्त त्या कारखान्यासाठी कापला होता, आणि आगीनंतर कपाटामागे टाकला होता. एका बाजूला लाल रंगाचा जाड थर. दुसरी बाजू कोरी, चकचकीत, जशी दुकानातून आली तशी. दुसऱ्याला त्यात रंगलेला पत्रा दिसला असता. धंद्यातल्या माणसाला सगळं दिसलं असतं: ही स्टेन्सिल कधी उलटी केलीच गेली नाही. तिने एकही डावा बाण काढलेला नाही.

गुरुवारी तो ताईच्या आधी हॉलमध्ये पोचला. सगळे कापड घडी करून ठेवायच्या बेतात होते. “पसरा,” तो म्हणाला. मग काकांकडे कात्री मागितली. काका शिंपी असल्यामुळे आपली कात्री दुसऱ्याच्या हातात देत नसत, पण पेंटरचा चेहरा बघून त्यांनी दिली. पेंटरने पहिल्या बाणाभोवती चौकोन कापला. चौकोन उचलला, फिरवला आणि त्याच भोकात परत ठेवला. बाण उजवीकडे बघू लागला. तसाच दुसरा. तसाच तिसरा. भिंतीवरचे फिरवायलाही एवढाच वेळ लागला असता.

बाईंनी नियम सोडला नाही. आवाज मात्र हलका झाला होता त्यांचा. “बाणा, तू कुठे दाखवतोस?”

“मी भिंतीकडे दाखवतो,” पेंटर म्हणाला.

“तिथे जिना आहे का?” नर्सने विचारलं.

“नाही. तिथे फोम आहे.”

“मग तू तिकडे का दाखवतोस?”

“पत्रा ओला होता. उद्या फिरवणार होते मला.” त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा काढून कापडावर ठेवला, आधी रंगाची बाजू वर, मग कोरी. काय बघायचं ते सांगितलं. मग बाणाच्या तोंडून बोलत राहिला, कारण स्वतःच्या तोंडून त्याला ते जमलंच नसतं. “माणसं माझ्यावर विसंबून आली. एकही बावचळलं नव्हतं. धुरात त्यांनी मला शोधलं आणि मी सांगितलं तिकडं गेली. ज्यांना मी दिसलो ती गेली. जिला दिसलो नाही ती वाचली.”

दाराशी इस्त्रीवालीने तोंडावर हात धरला. आपण का वाचलो हे तिला आता कळलं होतं, आणि ते ओझं हलकं होण्यासारखं होतं की जड, हे सांगणं कठीण.

ताई कधी आली होती कुणाला कळलं नव्हतं. ती कापडावरून चालत आली, मशिनांच्या रांगांमधून, आणि त्याच्यासमोर थांबली.

“चित्राला नाही विचारत मी,” ती म्हणाली. “तुला विचारते. हाताने काढता आला नसता?”

“आला असता,” पेंटर म्हणाला.

“किती वेळ लागला असता?”

“पाच मिनिटं.”

“ती वरच्या मजल्यावर गेली तेव्हा आठवलं होतं तुला?”

हे विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं; ते कुठल्याही पत्र्यावर उमटलेलं नव्हतं.

“आठवलं होतं,” तो म्हणाला. “दोन रविवार होते मध्ये.”

ताईने पिशवीतून पिवळी बाहुली काढली आणि उजव्या भिंतीशी, पहिल्या बाणाच्या टोकापाशी ठेवली. उचललेला पाय बाणाच्या दिशेने. “माझी पोरगी वेडी नव्हती,” ती सगळ्यांना म्हणाली. “मामाचं ऐकायची, एवढंच.” मग ती खाली बसली आणि सव्वा वर्षात रडली नव्हती इतकं रडली. पेंटर तिच्याकडे जाऊ लागला तेव्हा तिने हात वर केला. तो होता तिथेच राहिला.

काकांनी ते तीन चौकोन शिवून टाकले, बारीक टाक्यांनी, जागेवरच. सुनावणीला सगळे गेले. सरकारी कचेरीच्या हॉलमध्ये कापड मावेना, म्हणून बाहेरच्या रस्त्यावर पसरलं आणि साहेबांना पायऱ्या उतरून यावं लागलं. त्यांनी बूट काढून कापडावर यावं असं इस्त्रीवालीने सांगितलं, आणि त्यांनी काढले. नर्सने त्यांना एका मशिनपाशी उभं केलं आणि विचारलं, धूर आहे, लाइट गेलेत, समोर हे दिसतंय, सांगा कुणीकडे जाल? साहेब बराच वेळ बाण बघत राहिले. मग उजवीकडे वळले. तेवढं पुरलं. पत्रा त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला. अंतिम अहवालात ती ओळ नव्हती. तिच्या जागी बाणांचं होतं, सुपरवायझरचं होतं, आणि पेंटरचं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं गावातले काही शहाणे म्हणाले. खटला अजून चालू आहे. तारखेला पेंटर जातो आणि विचारलं ते सांगतो. पाट्यांचं काम कमी झालं, बाणांचं तर पूर्ण बंद.

ताईने घर सोडलं नाही. जाणार कुठे? पण त्याच्याशी बोलणं सोडलं. जेवण झाकून ठेवायची, कपडे धुऊन दोरीवर टाकायची, समोर आली तर भिंतीकडे बघायची. गुरुवारी हॉलमध्ये दोघं जात, वेगवेगळी. आता तिथे दुसऱ्या कारखान्यांतले लोक यायला लागले होते. आपापल्या मजल्याचं कापड शिवायचं आणि बाण, दारं, कुलपं तपासायची. पेंटर त्यांना रेषा आखून देई. बाण काढायचा असला की ब्रश दुसऱ्याच्या हातात देई.

पावलं तरीही येत राहिली. तीन वाजून गेले की दोन-दोन पायऱ्या, आणि वर येऊन थांबायची. खरं सांगितल्यावर ती थांबतील अशी त्याची आशा होती, ती खोटी ठरली. हे आपलं एकट्याचं आहे, असं त्याने मानून घेतलं. ताईला कधी त्याबद्दल विचारलं नाही. मुलीच्या भुताचं तिच्या आईला कुठल्या तोंडाने विचारायचं?

मग सुनावणीनंतर तिसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी, पेंटर खाटेवर बसला होता. पावलं आली, सतरावी पायरी चढली, थांबली. दोन्ही दारं उघडी होती. समोरच्या खोलीत ताई भाजी निवडत बसलेली त्याला दिसत होती. तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. इतक्या साध्या आवाजात बोलली की हे ती दीड वर्ष रोज ऐकत आली होती आणि आजच उत्तर देत होती, हे पेंटरला त्या आवाजावरूनच कळलं.

“डावीकडं ये, बाळा,” ताई म्हणाली. “इकडं. मामाचं नको ऐकू.”

फळ्यांवर दोन पावलं वाजली. डावीकडे. ताईने अंग आक्रसून शेजारी थोडी जागा केली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

त्यानंतर जिन्यावर कुणी आलं नाही. पेंटर अजूनही तीनला ब्रश खाली ठेवतो आणि दार उघडं टाकून बसतो. समोरच्या खोलीतून कधीकधी ताईचं हळू बोलणं ऐकू येतं, मधूनच हसणंही. त्याला हाक येत नाही.